‘नो सिग्नल’चा हिशेब

पडद्यावर ‘नो सिग्नल’ ही अक्षरं उमटली की घरातला कुणीतरी लगेच मेकॅनिकला फोन लावतो, आणि खर्च तिथूनच सुरू होतो. गल्लीतला मेकॅनिक नुसता येण्याचे दोनशे ते चारशे रुपये घेतो. बिघाड मग कसलाही असो. तो येतो, टीव्हीच्या रिमोटवरचं एक बटण दाबतो, चहा पितो आणि पैसे घेऊन जातो. त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही, त्याची दुपार गेलेली असते. फोन लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं स्वतः घालवली तर एकतर टीव्ही फुकटात सुरू होतो, नाहीतर दुखणं टीव्हीत आहे, डीटीएचच्या बॉक्समध्ये, तारेत, छत्रीपुढच्या एलएनबीत की छत्रीच्या दिशेत, हे तरी कळतं. हे कळणंही पैसे वाचवतं. ‘काहीच दिसत नाही हो’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला काहीही बदलून देता येतं. ‘स्ट्रेंथ भरपूर आहे, क्वालिटी शून्य आहे’ असं सांगणाऱ्याच्या गळ्यात नवा बॉक्स मारणं जरा अवघड जातं.

पुढचे भाव किरकोळ बाजारातले ढोबळ अंदाज आहेत. पुण्या-मुंबईत आणि तालुक्याच्या गावात पन्नास-शंभराचा फरक पडतो, वस्तूच्या ब्रँडनुसारही पडतो.

ती अक्षरं कुणाची?

‘नो सिग्नल’ दोघं जण म्हणतात: टीव्ही आणि बॉक्स. अक्षरं टीव्हीची असतील तर ती बहुधा निळ्या-काळ्या रिकाम्या पडद्यावर एका छोट्या चौकटीत असतात, सोबत ‘एचडीएमआय १’ किंवा ‘एव्ही’ असं काही लिहिलेलं दिसतं, आणि कंपनीचं बोधचिन्ह कुठेच नसतं. याचा अर्थ बॉक्सकडून टीव्हीपर्यंत काही पोचत नाही. छतावरच्या छत्रीशी याचा काडीचा संबंध नाही. टीव्हीच्या (बॉक्सच्या नव्हे) रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून एकेक पर्याय फिरवून बघा. नातवंडांनी पेनड्राइव्ह लावला होता किंवा आजींनी आवाज वाढवताना शेजारचं बटण दाबलं, यापलीकडे बरेचदा काही नसतं. खर्च शून्य. सगळे पर्याय फिरवूनही चित्र येत नसेल तर एचडीएमआयची केबल दोन्ही टोकांनी काढून घट्ट बसवा, टीव्हीच्या दुसऱ्या खाचेत लावून बघा. केबलच गेली असेल तर नवी दीडशे ते तीनशेत मिळते. सोन्याच्या मुलाम्याची हजार रुपयांची केबल दुकानदार पुढे करील. दीड मीटर अंतरासाठी तिची काही गरज नाही.

बॉक्सवरचा दिवाच लागत नसेल किंवा बॉक्स सारखा बंद-चालू होत असेल, तर संशय आधी अडॅप्टरवर घ्यायचा. बहुतेक बॉक्सना १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. तो दीडशे ते तीनशे रुपयांना मिळतो, आणि बॉक्सच्या मानाने लवकर दमतो, विशेषतः विजेचा दाब खाली-वर होणाऱ्या गावात. नवा घेताना जुन्यावर छापलेले व्होल्ट तेच असले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत. शेजाऱ्याकडे तसाच अडॅप्टर असेल तर पाच मिनिटं मागून लावून बघा. ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान ऐकण्याआधी हे झालंच पाहिजे.

चित्र येतं, कंपनीचं नाव दिसतं, पण ‘हा चॅनल तुमच्या पॅकमध्ये नाही’ किंवा ‘रिचार्ज करा’ अशा अर्थाचा संदेश येतो, तेव्हा सिग्नल ठणठणीत आहे. मामला खात्याचा आहे. रिचार्ज करूनही चॅनल आले नाहीत तर कंपनीच्या अ‍ॅपमधून ‘रिफ्रेश’ पाठवायचं. हा आदेश उपग्रहावरूनच बॉक्सकडे येतो, म्हणून त्या वेळी बॉक्स चालू हवा आणि पाच-दहा मिनिटं चालूच ठेवायला हवा. बरेच जण रिचार्ज करतात, बॉक्स बंद करतात आणि सकाळी तक्रार नोंदवतात. महिनाभर गावाला जाऊन आलेल्या घरांत हा प्रकार हमखास. कार्डवाला बॉक्स असेल तर कार्ड काढून सोनेरी चिप कोरड्या मऊ कापडाने पुसून परत सारा. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

दोन आकडे, त्यातच सगळं

आता खरी सिग्नलची तक्रार. प्रत्येक बॉक्सच्या मेनूमध्ये, सेटिंग किंवा सेटअपच्या आत कुठेतरी, दोन पट्ट्या असतात: सिग्नल स्ट्रेंथ आणि सिग्नल क्वालिटी. हे पान एकदा टीव्ही नीट चालू असताना उघडून दोन्ही आकडे लिहून ठेवावेत. मोबाइलमध्ये फोटो काढला तर उत्तमच. बिघडल्यावर तुलना करायला दुसरं काही लागत नाही.

बहुतेक लोक स्ट्रेंथ बघतात आणि फसतात. स्ट्रेंथचा अर्थ एवढाच की तारेतून बॉक्सपर्यंत काहीतरी येतंय. छत्रीच्या पुढे दांडीवर बसवलेला एलएनबी स्वतःही थोडी खरखर निर्माण करतो, आणि बॉक्स तीही मोजतो. छत्री भलत्याच दिशेला तोंड करून बसली असली तरी स्ट्रेंथ साठ-सत्तर दाखवू शकते. आलेलं बॉक्सला ओळखता येतंय का, हे क्वालिटी सांगते. म्हणून वाचन असं करायचं.

दोन्ही शून्य असतील तर एलएनबी आणि बॉक्समधला रस्ताच तुटलाय: तार निघाली, कुरतडली, पिन गंजली, किंवा एलएनबी मेला. स्ट्रेंथ जवळपास पूर्वीइतकीच आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री हललीय किंवा तिच्यासमोर काहीतरी आलंय. दोन्ही आकडे आहेत पण क्वालिटी काठावर असेल, तर चित्राचे चौकोन पडतात, आवाज तुटतो, संध्याकाळी ढग आले की चित्र गायब होतं. जुन्या अँटेनावर सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी बातम्या ऐकता यायच्या. डिजिटल सिग्नल एका मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ दिसतो आणि त्याखाली घसरला की एकदम जातो. त्यामुळे ‘काल तर छान दिसत होतं’ याने काहीच सिद्ध होत नाही. काल तो काठावर उभा असू शकतो.

चौथा प्रकार मेकॅनिकांनाही चकवतो: निम्मे चॅनल दिसतात, निम्मे नाही. उपग्रहावरून चॅनल दोन गटांत येतात, उभ्या आणि आडव्या ध्रुवणाचे. कुठला गट हवा हे बॉक्स त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून एलएनबीला सांगतो. अडॅप्टर अशक्त असेल, तार फार लांब किंवा हलकी असेल, पिनेला गंज असेल, तर वरचे अठरा व्होल्ट छतापर्यंत पोचेतो उतरतात आणि तो अख्खा गट हरवतो. अशा वेळी छत्री हलवणं म्हणजे धडधाकट अवयवाला प्लॅस्टर घालणं. आधी अडॅप्टर, मग पिना, मग तार, शेवटी एलएनबी, या क्रमाने बदलून बघितलं की बहुधा तीनशेच्या आत काम होतं.

तार, पिना आणि पाणी

आपल्याकडे सिग्नलचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तारेत शिरलेलं पाणी. छत्रीपासून येणारी तार आरजी-सिक्स जातीची असते: मधे एक जाड तार, तिच्याभोवती पांढरा फोम, त्यावर जाळी, वर काळं आवरण. आवरणाला चीर गेली किंवा एलएनबीजवळची पिन उघडी राहिली की पावसाचं पाणी जाळीतून झिरपत खाली उतरतं. पिन उघडली आणि आत हिरवट-पांढरी पूड दिसली तर निदान झालं. तो तुकडा वीतभर कापून नवी पिन लावायची. पिन दहा-वीस रुपयांची आणि तार मीटरला पंधरा ते पंचवीसची. वीस मीटर तार नवी ओढली तरी सामान पाचशेच्या आसपास. जोड देताना नुसत्या चिकटपट्टीवर भागवू नये. दोन पिना आणि मधे जोडणारा डबल कनेक्टर वापरावा, आणि शक्यतो जोड छपराखालीच घ्यावा. तार घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकतं, भिंतीच्या भोकातून बॉक्सपर्यंत येत नाही. याला एक पैसाही लागत नाही, तरी दहापैकी नऊ बसवणारे तो देत नाहीत, असं छतंछतं बघून म्हणावंसं वाटतं.

एक काळजी प्रत्येक वेळी घ्यायची. तार बॉक्सला लावताना किंवा काढताना बॉक्सचा प्लग भिंतीतून काढलेला हवा. तारेत वीज खेळत असते. मधली तार जाळीला टेकली तर बॉक्सचं नुकसान होतं, आणि काही अडॅप्टरांमुळे हाताला झिणझिणीही बसते.

एलएनबी दीडशे ते चारशे रुपयांना मिळतो. त्याच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण उन्हाने तडकतं, आत पाणी किंवा गांधीलमाशा जातात आणि तो संपतो. झाकणाला तडा दिसला तर पावसाळ्याआधीच बदललेला बरा. काही जण त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतात. पिशवीत पाणी साचून राहतं आणि ती फडफडत राहते. न बांधलेली बरी. कोकणात आणि गोव्याच्या किनाऱ्यावर खारी हवा आधी नट-बोल्ट आणि क्लॅम्प खाते. तिथे दरवर्षी वैशाखात बोल्टना ग्रीस लावणं आणि गंजलेले बदलणं यावर शंभर रुपये घालवले, तर आषाढात छत्री वाऱ्यावर मान टाकत नाही.

छत्री कुठे बघते?

हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर असतात, आणि पृथ्वीबरोबर फिरत असल्याने आपल्याला स्थिर दिसतात. पण कंपनी बदलली की उपग्रह बदलतो. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, दूरदर्शनच्या फ्री डिशचा ९३.५ अंशावर, एअरटेलचा १०८ अंशांच्या जरा पुढे. पुण्यातून बघितलं तर ८३ अंशांसाठी दक्षिणेकडून जरासं पूर्वेला आणि आकाशात सुमारे ६६ अंश वर बघावं लागतं; फ्री डिशसाठी जवळजवळ थेट आग्नेयेला ५९ अंश वर; एअरटेलसाठी बरंच पूर्वेकडे आणि फक्त ४५ अंशांवर. उपग्रह जितका पूर्वेला तितकी नजर खाली, आणि तितकी झाडं-इमारती आड येण्याची शक्यता जास्त. शेजारच्या आंब्याने एका कंपनीचं काही बिघडवलं नाही म्हणून दुसरीचंही बिघडवणार नाही असं नाही. कंपनी बदलण्याआधी बाल्कनीत उभं राहून आग्नेयेला काय आहे ते बघा. ज्यांच्या सदनिकेला फक्त पश्चिमेची बाजू आहे, त्यांना गच्ची किंवा सोसायटीची परवानगी यांतून सुटका नाही.

आणखी एक गफलत. आपल्याकडच्या छत्र्यांचा एलएनबी मध्यावरून बाजूला खाली असतो, त्यामुळे छत्री दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. जवळजवळ उभी दिसणारी छत्री ‘आकाशाकडे नीट करू’ म्हणून कुणी ढकलली की खेळ खलास. साठ सेंटिमीटरच्या छत्रीला दोन-अडीच अंशांचीही चूक सोसत नाही. शहरात ती चूक करणारे लोक ठरलेले आहेत: टाकी धुणारे, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करणारे, रंगारी आणि गोधडी वाळत घालणारे. तळकोकणात या यादीत माकडं येतात. सिग्नल जायच्या आदल्या दिवशी गच्चीवर कोण गेलं होतं, हा पहिला प्रश्न.

दिशा जुळवणं घरी जमतं, पण एकट्याने नाही. एक जण टीव्हीपुढे, एक जण छत्रीपाशी, दोघांच्या कानाला फोन. बोल्ट जरा सैल करायचे, छत्री बोटभर हलवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला क्वालिटी मोजायला वेळ लागतो. घाईने फिरवत राहिलात तर उपग्रह तीनदा ओलांडून जाल. मूळ जागेच्या खुणा आधी पेन्सिलीने करून घ्या. बाजारात तीनशे ते सहाशेला काट्याचा सिग्नल फाइंडर मिळतो; एका छत्रीसाठी तो घेण्यात अर्थ नाही. आणि कौलारू घर, निसरडा पत्रा, कठडा नसलेली गच्ची, जवळून गेलेली विजेची तार, यांपैकी काहीही असेल तर मेकॅनिकला बोलवायचं. दिशा जुळवण्याचे तो येण्याजाण्यासकट तीनशे ते पाचशे घेतो आणि ते पैसे रास्त आहेत.

पाऊस, सूर्य आणि वीज

डीटीएचच्या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. जोराचा पाऊस त्या शोषतो आणि विखुरतो. मुसळधारेत दहा-पंधरा मिनिटं चित्र गेलं आणि पाऊस ओसरताच परत आलं, तर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. रिमझिमीतही जात असेल तर मात्र क्वालिटी मुळातच कमी आहे. तेव्हा पिना तपासा, दिशा पुन्हा जुळवून घ्या. महाबळेश्वर, आंबोलीसारख्या ठिकाणी मोठी छत्री लावणारे लोक आहेत, त्यांचा खर्च समजण्यासारखा आहे. इतरांनी त्या वाटेला जाऊ नये.

वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, लख्ख उन्हात चित्र जातं. सकाळी साडेनऊ-दहा ते दुपारी बारा-सव्वाबाराच्या मध्ये, रोज साधारण त्याच वेळी, काही मिनिटं. सूर्य तेव्हा बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात सिग्नल बुडतो. काही दिवसांनी ते आपोआप थांबतं. या दिवसांत कुणी ‘एलएनबी उन्हाने तापतोय’ म्हणून बदलायला सांगितला तर नको म्हणा.

विजांचं मात्र मनावर घ्या. मराठवाडा-विदर्भात वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू होताच आधी बॉक्सचा प्लग आणि मग छत्रीची तार काढून ठेवावी. वीज डोक्यावर आली असेल तर मग कशालाही हात लावू नये. घरापासून लांबवर पडलेली वीजसुद्धा तारेतून बॉक्स आणि एचडीएमआयमधून टीव्हीचा बोर्ड नेते. ते बिल हजारांत जातं आणि वॉरंटीत बहुधा बसत नाही.

फ्री डिशवाल्यांसाठी

डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झालेली ही सेवा आजही महिन्याला एक रुपया मागत नाही. छत्री, बॉक्स, तार आणि बसवणी धरून दीड ते दोन हजार एकदाच. फ्री डिशचं ‘वार्षिक शुल्क’ किंवा ‘केवायसी’ मागायला कुणी आलं तर तो ठग आहे. यातली नेहमीची तक्रार असते ‘अमुक चॅनल गायब झाला’. खासगी चॅनल इथली जागा लिलावात घेतात. मुदत संपली की काही जातात, काही येतात, काहींची जागा बदलते, आणि एप्रिलच्या सुरुवातीला ही उलथापालथ जास्त होते. मेनूत जाऊन ऑटो स्कॅन करा. एवढ्यासाठी शे-दोनशे घेणारे लोक गावोगाव आहेत. स्कॅन करूनही शेजाऱ्याकडे दिसणारे काही चॅनल तुमच्याकडे येत नसतील तर तुमचा बॉक्स जुन्या एमपेग-टू जातीचा असेल. त्याला एमपेग-फोरचे चॅनल उलगडता येत नाहीत. इथे बॉक्स बदलणं हाच उपाय. छत्री आणि एलएनबी तेच चालतात.

कंपनीचा माणूस की गल्लीतला?

बॉक्स वॉरंटीत असेल तर फक्त कंपनीचा. बाहेरच्याने उघडला की वॉरंटी गेली. वॉरंटी संपलेली असेल आणि काम तार-पिना-दिशेचं असेल, तर गल्लीतला स्वस्त पडतो आणि लवकर येतो. कंपनीच्या दरांबद्दल एक बदल माहीत हवा. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७च्या नियमांत बसवणीला ३५० रुपये अशी कमाल मर्यादा होती. जुलै २०२४मध्ये ट्रायने बसवणी, भेट, जागाबदल यांच्या दरांवरची बंधनं काढली आणि दर जाहीर करण्याची सक्ती ठेवली. १३० रुपये अधिक करांची नेटवर्क शुल्काची मर्यादाही तेव्हाच गेली. त्यामुळे आता ‘सरकारी रेट’ म्हणून वाद घालता येणार नाही. तक्रार नोंदवतानाच ‘भेटीचे किती, सामानाचे वेगळे किती’ हे विचारून तक्रार क्रमांकाशेजारी लिहून ठेवायचं. सामान बदललं तर जुना भाग मागून घ्यायचा. ‘दादा, जुना एलएनबी इथेच ठेवून जा’ एवढं आधीच म्हटलं की चालू एलएनबी सहसा बदलला जात नाही.

ग्राहक सेवेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नका. पहिल्या ओळीत दिसणारा क्रमांक कंपनीचाच असतो असं नाही, आणि तिकडचा गोड आवाज मोबाइलमध्ये एखादं अ‍ॅप टाकायला किंवा पाच रुपयांचा ‘नोंदणी’ व्यवहार करायला सांगतो. नंतर खातं रिकामं होतं. कंपनीचं अ‍ॅप, बॉक्सवर दिसणारा संदेश किंवा जुनी पावती यावरचाच क्रमांक वापरा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी, आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करण्यात वेळ जातो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही.

दुरुस्ती कुठे थांबवायची? बॉक्सच गेला आणि वॉरंटी नाही, तर बदलून मिळणारा बॉक्स हजार ते दीड हजाराला पडतो, आणि नवं कनेक्शन दीड ते दोन हजारांत, वर एखाद्या महिन्याचा पॅक. म्हणून दुरुस्तीचा आकडा सात-आठशेच्या वर जायला लागला की नव्याचा विचार करावा. घरात ब्रॉडबँड असेल आणि टीव्ही फक्त मालिका व सामन्यांपुरता लागत असेल, तर डीटीएच ठेवायचं का हेही त्याच वेळी ठरवावं. कंपनी बदललीत तर नव्या माणसाला जुनी छत्री, तार आणि एलएनबी वापरायला सांगा. बहुतेक वेळा ते चालतं, फक्त दिशा आणि बॉक्स बदलतो. तो ‘आमचीच लागते’ म्हणाला तर त्याची लावू द्या, पण जुनी भंगारात देऊ नका. गावच्या घरी फ्री डिशसाठी ती उपयोगी पडते, आणि तिथे मग फक्त बॉक्सचेच पैसे पडतात.